मामांच्या पाटाखालचं वेटोळं

तीन आठवड्यांपूर्वी लातूरहून निरोप आला, मामा गेले. शोकसभेत कुणी त्यांना विज्ञाननिष्ठ म्हटलं, कुणी ऋषी. मी मागे बसून ऐकत होतो... बोलणाऱ्यांची कीव आली.

विज्ञान त्यांना येत होतं, हे खरं. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत ते नांदेडच्या शाळेत शिकवायचे. मीही तिथेच नवखा मास्तर होतो. तारेचं एक वेटोळं ते खाली ठेवायचे, दुसरं त्याच्यावर धरायचे. खालच्यातून घरात येते तसली वीज सोडली की वरच्याला जोडलेला इवलासा दिवा, दोन्ही वेटोळी एकमेकांना न जोडताही, पेटायचा. "ही वीज सारखी दिशा बदलते, तिच्यासोबत भोवतालचं चुंबकत्व बदलतं, म्हणून वरच्या तारेत वीज उपजते," असं वर्गात स्वच्छ सांगणारा हा माणूस घरी मात्र खालचं वेटोळं पाटाखाली लपवायचा, वरचं आल्यागेल्याच्या हातात द्यायचा आणि डोळे मिटून पुटपुटायचा. माणसं पाया पडायची. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप.

माझा थोरला भाऊ वसंता रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला आणि त्याची खबर येईना. आईने अन्न सोडलं. मामांनी सख्ख्या बहिणीच्या हातात तेच वेटोळं दिलं. "अक्का, दिवा लागला. पोरगा जिता हाय!" आई घरी येऊन पोटभर जेवली. मी तिला पाटाखालचं सांगितलं, तर माझ्यावरच उखडली, "तुला भावाचं बरं बघवत न्हाई का रे?" मामांना जाब विचारला. ते म्हणाले, "ती जेवून राहिली ना? मग गप बस."

इथवर त्याला कुणी दयाही म्हणेल. पण पुढे वसंताचा सोबती आला. वसंताने त्याच्या मांडीवर प्राण सोडला होता. आई तडक मामांकडे निघाली, मी मागोमाग. मामांनी पुन्हा पाट मांडला, पुन्हा दिवा पेटवला. "तो झूट बोलून राहिला, अक्का."

आईने हातातलं वेटोळं बाजूला नेलं. दिवा विझला. परत पाटावर आणलं. लागला. मग तिने पाटच सरकवला आणि खाली बघत राहिली.

"माझा वसंता ह्यात होता व्हय रे?"

मामा टोपी नीट करत राहिले.

पुढे त्यांची लातूरला बदली झाली. दर भाऊबीजेला येऊन ओसरीवर बसायचे. आई ओवाळायलाही चुलीपुढून उठायची नाही. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. आई गेल्यावरही येतच राहिले... या भाऊबीजेला, ते एकटे बसायचे तिथेच ओसरीवर सतरंजी घालून आम्ही सगळे जेवायला बसणार आहोत.