आतून लावायची कडी

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिळगुळाचा पाक करत होते. म्युनिकहून तिची शेजारीण बोलत होती. झोपेतच गेली म्हणाली, आणि फ्रिजवर तुमचा नंबर लावलेला होता... तोवर पाक जळला होता. ती कढई अजून नीट घासून निघालेली नाही. या गोष्टीला दीड महिना झाला. पुरवणीसाठी ताईवर लिहाल का असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि मग दोन आठवडे कागदाला हात लावला नाही. तिचं कौतुक मी झोपेतही करू शकेन. पण मी काय केलं ते गाळून तिच्यावर लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा खोटं बोलणं होईल, आणि एकदा बोलून झालेलं आहे.

ताई माझ्या नात्यातली नव्हे, मूळची साताऱ्याची. नर्स म्हणून तरुणपणीच जर्मनीत आली, लग्न केलं नाही, आणि पन्नाशीला आल्यावर हॉस्पिटल सोडून एका मदतसंस्थेत गेली. वर्षातले सहा महिने काँगोत, नाहीतर सुदानच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत. लढाईत बायकांवर जे अत्याचार होतात, त्यांवर गुपचूप आणि वेळेत उपचार कसे करायचे हे ती तिथल्या सुइणींना शिकवायची. आणि ते होऊ नयेत म्हणून काय करता येईल, हे त्या बायकांनाच विचारायची. एकदा आमच्या इंगोलश्टाटच्या घरी जेवताना तिने माझ्या यजमानांना सांगितलं, "तुम्हा इंजिनिअर लोकांनी छावणीत संडास बांधले, एकदम मजबूत. कडी मात्र बाहेरून! आतून नाहीच. बायका अंधार पडल्यावर जाईनात, तर म्हणे त्यांना सवय नाही. अरे, विचारलंत का कुणी?" हे कार कारखान्यात दारंच डिझाइन करतात. मी घाईने विषय बदलून श्रीखंड वाढलं. तिचं काम आम्हाला अभिमानाने सांगायला हवं असायचं, फक्त जेवताना ऐकायला नको असायचं.

२००५ च्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याकडे होतं. ताई म्हणाली, "मंजू, यंदाचं वाण माझ्याकडून." मी खूश. दरवर्षी इंडियन शॉपमधले प्लास्टिकचे डबे वाटून मलाही कंटाळा आला होता. आदल्या दिवशी ती खोका ठेवून गेली. चौदा कापडी बटवे, प्रत्येकात एक छोटा टॉर्च आणि शिट्टी, छावणीतल्या बायकांना देतात तसेच. आणि टॉर्चला रबरबँडने गुंडाळलेली चिठ्ठी, ताईच्या गोल अक्षरात: घरात भीती वाटत असेल तर या नंबरवर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.

मी ती वाचली आणि माझं डोकंच फिरलं. येणाऱ्या सगळ्या जणी आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्यांच्या बायका. बी.ई., एम.टेक. झालेल्या, चांगल्या घरच्या. सवाष्णींच्या ओटीत हे घालायचं? काय म्हणतील? आपण काय काँगोत राहतो का? मी एकेक बटवा उघडून चौदाही चिठ्ठ्या काढल्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि डबा फडताळात वर ठेवला. बटव्यांच्या नाड्या पुन्हा पहिल्यासारख्या बांधल्या. इतक्या नेटकेपणाने मी फार कमी कामं केली आहेत.

त्या वर्षी पल्लवी नवीन होती. लग्न होऊन पाच महिने झालेले, नवरा ह्यांच्याच डिपार्टमेंटमध्ये. मी कुंकू लावायला हात वर केला तशी ती दचकून मागे सरकली, डोळे घट्ट मिटून. मी म्हटलं, "अगं, कुंकू लावतेय, मारत नाहीये!" सगळ्या हसल्या. पल्लवीही हसली. हसली नाही ती फक्त ताई... निघताना तिने पल्लवीचा बटवा स्वतः तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "घरी जाऊन उघड हं. एकटी असताना."

एकटी असताना पल्लवीने उघडला असेल. आत टॉर्च होता आणि शिट्टी होती.

मे महिन्यात पल्लवीच्या शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. मनगट मोडलेलं, कानाचा पडदा फाटलेला. त्यानंतर ती कोल्हापूरला आईवडिलांकडे परत गेली. "तो तर इतका शांत मुलगा," असं आमच्यात सगळे म्हणाले, मीही म्हणाले. ताई तेव्हा काँगोत होती. परत आल्यावर तिने फोन केला. "मंजू, बटव्यात चिठ्ठी होती ना गं?"

मी म्हटलं, "होती की."

ती तिच्या जर्मन सवयीने म्हणाली, "आल्झो... म्हणजे माझंच चुकलं. बटवा नवऱ्याने उघडला असणार. जिथे तो बघू शकतो तिथे नंबर ठेवायचा नसतो, हे मी दुसऱ्यांना शिकवते. आणि घरच्याच पोरीच्या बाबतीत विसरले."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ दे ताई, मनाला लावून घेऊ नकोस."

त्यानंतर मी तिच्या घरी गेले नाही. दरवेळी तिलाच बोलवायची, तीही यायची, गाजराचं लोणचं घेऊन. गेल्या दिवाळीत तिला सोडायला स्टेशनवर गेले होते. गाडी लागली तेव्हा मी म्हटलं, "ताई, त्या चिठ्ठ्या..." "कुठल्या गं?" ती पायरीवर उभी होती, मफलर नाकापर्यंत. "काही नाही, जा, दार बंद होईल." ती शेवटची भेट. चार वर्षं ती माझा अपराध स्वतःचा समजून वागवत राहिली, आणि मी तिला हात हलवून निरोप दिला.

अंत्यविधीनंतर तिचं घर आवरायला गेले. हात धुवायला बाथरूममध्ये शिरले, दार लावलं आणि वळले, तर दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांसमोर येईल असा कागद चिकटवलेला होता. तेच गोल अक्षर, तीच दोन वाक्यं. खाली तोच नंबर पुन्हा पुन्हा लिहून पट्ट्या कापलेल्या, ओढली की निघून यावी अशी. दार उघडं असलं की कागद भिंतीकडे जाणार, कुणाला दिसणार नाही. ज्या चुकीवर तिने हा उपाय काढला होता, ती चूक तिने केलीच नव्हती.

पाच पट्ट्या फाडलेल्या होत्या. कागद मराठीत होता. ताईच्या घरी येणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या बायका म्हणजे आम्हीच. माझ्या दिवाणखान्यात त्या दिवशी हसलेल्या. मी तिथे टबच्या कडेवर बसले आणि एकेकीचा चेहरा आठवू लागले, आणि मग माझीच लाज वाटून थांबले. चार वर्षं तिच्याकडे गेले नाही म्हणून मला हे माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्यातल्या एकीनेही मला सांगितलं नव्हतं. बरोबरच होतं त्यांचं.

कागद जपून सोडवून घरी आणला. यंदा हळदीकुंकू उशिरा, रथसप्तमीला केलं. आता तो कागद आमच्या बाथरूमच्या दाराला आहे, आतून कडी लावल्यावरच दिसेल असा. पट्ट्या किती उरल्यात ते बघायचा मोह मला रोज होतो. ताई असती तर म्हणाली असती, मंजू, तुला कशाला हव्यात चौकशा? म्हणून मी हात धुताना खाली बघते.