चेनला कोणतं ऑइल घातलं होतं

सकाळी साडेआठला वाटूरहून फोन आला. "डॉक्टर, एकनाथभाऊ गेले. नाल्याच्या उतारावर. तुमची गाडी व्हती." मला आधी 'तुमची गाडी' एवढंच ऐकू आलं. गाडी कशानं पडली, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला माहीत होतं.

एकनाथभाऊ वाटूर फाट्यावरचे मोटारसायकल मिस्त्री. मी जनावरांना लस टोचत गावोगाव हिंडणारा सरकारी नोकर. लोक डॉक्टर म्हणतात, मीही नको म्हणत नाही. पंच्याऐंशीच्या सुमारास बर्फाची पेटी मागं बांधून मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानावर गेलो. माझा सगळा रस्ता पांदीचा आणि ढेकळांचा. काळी माती अडकून चाक जाम होतं म्हणून चेनकव्हर मी काढूनच टाकलं होतं. भाऊंनी उघड्या चेनला बोट लावलं, दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाले, "डॉक्टर, ही चेन न्हाई, कानस झाली. हिला खाऊन राह्यलेत तुम्ही."

त्या दिवशी त्यांनी माझी शाळाच घेतली. चेन रॉकेलमध्ये धुवायची, उन्हात वाळवायची. नव्वद नंबरचं ऑइल जरा कोमट करून आतल्या बाजूनं एकेका कडीवर थेंब सोडायचा. चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून कधीच नाही, बोटं जातात. मग एक रात्र गाडी तशीच उभी ठेवून सकाळी वरचं सगळं पुसून काढायचं. "आतून वली, वरून कोरडी. वरून चकाकली की समजायचं, धूळ जेवायला बोलावली." मी हसलो. ते हसले नाहीत. उतारावर चेन सुटून मागच्या चाकात अडकली तर माणूस कसा फेकला जातो, हे त्यांनी अगदी सावकाश सांगितलं. एवढ्या शांतपणे कुणी मरणाविषयी बोललं की मला आजही कसंतरी होतं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं माझी चेन त्यांच्याच हाताखाली होती. माणूस फटकळ. चेनला ग्रीस थापून आलेल्याला ते तोंडावर सांगायचे, "घरी सांगून निघालास का, बराबर?" समोरचा ओशाळायचा. मीही दोनदा ओशाळलोय.

यंदा उन्हाळ्यात शहागडला लसीकरण होतं. चार दिवस गोदावरीच्या वाळूतून ये-जा. तिसऱ्या दिवशी चेन किरकिरायला लागली आणि माझ्याकडची ऑइलची बाटली रिकामी. साडूच्या शेतात बैलगाडी होती, कण्याला टांगलेलं वंगणाचं नळकांडं होतं. मी दोन बोटं वंगण घेतलं आणि चेनला चांगलं माखलं. आवाज बंद. मी खूश. ती किरकिर म्हणजे चेन ओरडून सांगत होती, आणि मी तिच्या तोंडात बोळा कोंबला. वाळू त्या वंगणात बसली आणि तीन आठवडे कड्या आतून झिजत राहिल्या. ते वंगण धुवायचं माझ्या आळसानं राहून गेलं.

मग जालन्याला मस्तगडात एक काम निघालं. मी जीपनं जाणार होतो, म्हणून संध्याकाळी गाडी भाऊंच्या दारात लावली. ते म्हणाले, "माझ्या गाडीचं चाक खोललंय. सकाळी वस्तीवर जायचंय, तुमची नेतो." मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, "चेनला काय घातलं?"

वंगण म्हटलं असतं तर त्यांनी मला चारचौघांत सोलून काढलं असतं. मी म्हणालो, "तुमचंच, नव्वद नंबर." ते बरं म्हणाले आणि वाकलेसुद्धा नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या शब्दावर गाडी घेतली.

दहाव्याला लोक बोलत होते, दिव्याखाली अंधार, मिस्त्रीनं स्वतः बसायच्या गाडीची चेन बघितली न्हाई. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. मीही ऐकत होतो, आणि गप्प होतो. यापेक्षा हलकट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना सगळं सांगितलं. मला वाटलं, रडतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय व्हतंय? फाट्यावर लोक त्यांना नावं ठेवून राह्यलेत. तिथं सांगा."

फाट्यावर दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो, तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून हे लिहिलं. भाऊंची चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं, मी खोटं बोललो.

पेपरची ही पुरवणी वाटूरला सकाळच्या एसटीनं येते. ज्या दिवशी हे छापून येईल, त्या दिवशी मी त्यांच्या बंद दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलेला असेन. ज्याला जे विचारायचंय, त्यानं मला विचारावं.