रिकाम्या यादीचा अंदाज
तापलेल्या धुळीचा वास आला की उटनूरच्या दवाखान्यातला तो संगणक डोळ्यांसमोर येतो. बायको बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं, आणि तिच्या रक्तगटाचा दाता संगणकातल्या यादीतून शोधायचा होता. पडदा हलेना. "काऊन थांबली मशीन?" मी ओरडलो. ऑपरेटर रडकुंडीला आला होता. "भाऊ, रक्तगटावरून नाव लगेच सापडावं म्हून येगळी सूची बनवून ठेवली हाये. पण यादीत किती नावं हायेत याचा, यादी रिकामी होती तवाचाच अंदाज हिच्यापाशी हाये. नावं थोडीच असतील समजून सूची सोडली, अन् आता एवढी मोठी झालेली सारी यादी एकेक नाव करून वाचून राह्यली." पडद्यावर दात्याचं नाव आलं तेव्हा नर्स मान खाली घालून, फक्त मुलगी घेऊन बाहेर आली. ती मुलगी आज असल्याच यंत्रांवर काम करते. नवी नावं भरली की आधी अंदाज ताजा करते.