पाखऱ्याला आवतन

आमच्या घरी आता बैल नाही, एवढी एकच गोष्ट इंग्लंडमधल्या सव्वीस मुलांना सांगायची माझ्याकडून राहून गेली.

तिथल्या एका लहान गावात मी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना गणित शिकवत होतो. त्या वर्षी पोळा सप्टेंबरात, नेमका शाळा उघडल्यावर आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमच्याकडचा एखादा सण मुलांना दाखवा. मी पोळा सांगितला. बैलांना सुट्टी, अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि वर पुरणपोळी. वर्गाला बैलांचा उघड हेवा वाटला. एकाने विचारलं, तुमच्या बैलाचं नाव काय? तिथे मी "ट्रॅक्टर" म्हणायला हवं होतं. पण मास्तरकीची पंचवीस वर्षं आड आली (मुलांच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही, हे कबूल करायची आम्हाला सवय नसते) आणि मी म्हणालो, "हिऱ्या."

हिऱ्या होता, अगदीच खोटं नाही. ट्रॅक्टर आला त्या वर्षी विकला. त्याला नऊ वर्षं झाली!

मग आम्हाला हिऱ्या दाखवा, सव्वीस जण म्हणाले. मुख्याध्यापिका सत्ताविसाव्या.

संगमनेरजवळच्या वस्तीवर थोरल्या भावाला, दादाला, फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "बैल हाय. पन बापूचा."

बापू आमचे शेजारी. दोन फूट बांधावरून दादा आणि ते चार वर्षं बोलत नव्हते. (बोलणं बंद फक्त पुरुषांचं. विरजणाची वाटी रोज बांध ओलांडत होती.) तेव्हा प्रकरण वहिनीने हाती घेतलं. पोळ्याला बापू मिरवणुकीच्या तयारीसाठी गावात जाणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, शांताकाकूंनी, त्यांचा पाखऱ्या बैल आमच्या दारात आणायचा, त्याने पोळी खायची आणि परत जायचं. बापूंना कळायचं कारणच नव्हतं. आदल्या संध्याकाळी वहिनीने त्यांच्या गोठ्यात गुपचूप जाऊन रीतीप्रमाणे बैलाला आवतनही दिलं: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

तिथले साडेअकरा, वस्तीवरचे चार. तुळशीच्या कठड्याला बांधलेल्या मोबाईलमधून आमचं अंगण वर्गातल्या भल्यामोठ्या पडद्यावर उमटलं. वहिनी ताट घेऊन, दादा इस्त्रीच्या टोपीत, मध्ये झुलीतला पाखऱ्या. मुलांनी हाक मारली, "हिऱ्या!" त्याने कानही हलवला नाही. मी म्हणालो, त्याला इंग्रजी येत नाही. मग दादाने हाक मारली. त्याला मराठीही येत नसावी. दादाने कासरा ओढला, तर चारही पाय रोवून उभा. वहिनीने पोळी पुढे केली, त्याने मान फिरवली. पोळी नाकारणारा बैल मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो, तोही मोठ्या पडद्यावर!

तेवढ्यात घरी विसरलेला गुलाल न्यायला परत आलेले बापू पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून आत शिरले. पाखऱ्या हंबरून त्यांच्याकडे वळला.

"माझा बैल तुमच्या दारात कसा?" बापूंनी दादाला विचारलं. चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"हे गृहस्थ तुम्हा सर्वांचं स्वागत करताहेत," मी वर्गाला भाषांतर करून सांगितलं.

"दोन फूट बांध खाल्ला, आता बैलबी पायजे व्हय?"

"ते म्हणतात, आमच्याकडची जमीन फार सुपीक आहे."

तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. स्वरा. (तिची आई कोल्हापूरची. मी रोज हजेरीत तिचं नाव घ्यायचो, त्यात धोका आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं.)

"सर, ते असं नाही म्हणाले." आणि तिने स्वच्छ इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. बैल कोणाचा, बांध किती फूट, कोणी खाल्ला.

वर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे.

आता बापूंचं मोबाईलकडे लक्ष गेलं. ही कुनाची पोरं म्हणून ते वाकले. स्वराने थेट मराठीत सांगितलं, आम्ही बैल जेवताना बघायला बसलोय. बापू नरमले, पण तक्रार सोडली नाही.

"बैलाला आवतन दिलं, बाळा. मालकाला न्हाई दिलं."

स्वराने रीत समजावून सांगितली तसा वर्ग अस्वस्थ झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, का नाही दिलं? स्वराने तो प्रश्न दादाला पोचवला. माझी गरज केव्हाच संपली होती.

दादाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. बांधाबद्दल त्याच्याकडे तासभर पुरतील इतकी उत्तरं होती. पण प्रश्न बांधाचा नव्हता. शेवटी जमिनीकडे बघत तो म्हणाला, "बापू, जेवायला या."

"आवतन आदल्या दिशी द्यायचं असतं," बापू म्हणाले. पण ते चपला काढत म्हणाले. ते पायरी चढले आणि त्यांच्यामागे पाखऱ्या मुकाट दारापर्यंत आला. बैलाने तीन पोळ्या खाल्ल्या. बापूंनी किती खाल्ल्या, ते वहिनीने मोजलं नाही.

बांध अजून मोजायचाच आहे. पण मोजणी कधी आणायची, यावर आता दोघं एकमेकांशीच भांडतात.

मी वर्गापुढे ट्रॅक्टरची कबुली दिली. मुलांनी माफ केलं, आणि पुढच्या पोळ्याची कामं तिथल्या तिथे फळ्यावर वाटून घेतली. पाहुणे: बापू. भाषांतर: स्वरा. सगळ्यांत खाली माझं नाव, त्यापुढे खुर्च्या लावणे. तेवढं काम सरांना खोटं न बोलता जमेल, असं स्वराचं मत पडलं.