आत्याची घोंगडी

दिवाळी सरली तरी निलंग्याकडं पाऊस हटत नव्हता. काशीआत्या रोज सकाळी मला लातूरला फोन करून एकच विचारायची, "टीव्हीवर काय सांगायलेत? उघडीप हाय का न्हाई?" रानात चिखल, वाफसा नाही, ज्वारीची पेर लांबलेली. त्या सकाळीही तिच्याच नंबरवरून फोन आला. आवाज मात्र माझ्या चुलतभावाचा, बाळूचा होता. "आत्या गेली रे..."

आत्या तरुणपणीच माहेरी परतली आणि आमचं रान तिनंच सांभाळलं. सगळं शिवार ऊस-सोयाबीनकडं वळलं, तरी विहिरीकडच्या तुकड्यात तिची ज्वारी असायचीच. हे दवावर वाढणारं पीक, त्याला थंडी लागते, म्हणायची. घरची भाकरी त्याच ज्वारीची. आणि येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, रानात पांडवांचे पाच दगड पुजायला खोपीसारखी कोप करायची तीही त्याच ज्वारीच्या हिरव्या ताटांची. लोक वाळला कडबा वापरतात. हिला तो चालत नसे.

पूजेच्या आंबिलीसाठी ताकात भिजवलेलं पीठ थंडीत लवकर आंबत नसे. मग आत्या ते पिठाचं मडकं, बिंदगं, आपल्या घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायची आणि स्वतः कुडकुडत निजायची. सकाळी तीच घोंगडी कोपीवर पांघरायची. "मला कधी एवढ्या मायेनं पांघरूण घातलं नाहीस," मी चिडवायचो. "तू आंबून काय कामाचा रं?" ती म्हणायची.

अलीकडं मात्र घोंगडीशिवायच आंबील एका रात्रीत आंबटढाण व्हायला लागली. मागच्या येळवसेला घोट घेऊन आत्यानं वाटी खाली ठेवली. "थंडीच न्हाई ऱ्हायली. ज्वारीनं दाणा कशावर भरावा?" एवढंच बोलली.

तेरावं झालं आणि वाफसा आला. बाळूनं आणि मी तो तुकडा पेरला. येळवसेला ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागत होती, कोपीला ताटं कुठली? "कडबा आणू का?" बाळूनं विचारलं. मला नको वाटलं. यंदा पांडव उघड्यावरच पुजले, आंबील पिकावर शिंपडली. सवयीनं नेलेली घोंगडी तशीच काखेत राहिली.

आता ती माझ्या उशाशी आहे. घडीत अजून चुलीच्या धुराचा वास आहे, आत्याचा म्हणा ना. पहाटे उठून दार उघडतो, हवा बघतो. थंडी पडली तर तिच्या ज्वारीत दाणा भरेल, आणि मला घोंगडी पांघरता येईल... अजून घडी मोडलेली नाही.