पनवेलचा पराग्वे

पनवेलच्या खाडीकडेला एका शेठचं रेतीचं आवार होतं आणि तिथं जगन रखवालदार होता. म्हणजे रेती पळून जाऊ नये म्हणून बसवलेला माणूस. २०१३ साली केबिनमधल्या टीव्हीवर त्याला साक्षात्कार झाला. पराग्वे नावाचा दक्षिण अमेरिकेतला देश, ज्याला बोटभरही समुद्र नाही, तो चक्क किनाऱ्यावरच्या फुटबॉलच्या विश्वचषकात खेळत होता! लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे अनवाणी गडी वाळूत असे उसळत होते, की जगनचा चहा गार झाला.

त्याची सासुरवाडी उरणची. दर थंडीत पिरवाडीच्या किनाऱ्यावर तिथले कोळी असेच सामने खेळत. मेव्हणा काळूराम त्यांचा कप्तान. तो दरवर्षी विचारायचा, "भावजी, तुमच्या पनवेलात वाळू तरी हाय का पाय भाजायला?"

या वेळी जगन तिसरी घंटा झाल्यासारखा उभा राहिला. "औंदा आमचा संघ येनार! हरलो, तर पुन्ना तुमच्या घरात पाय नाय ठेवनार!"

"अवो, काय बोलताव हे!" बायको शोभा कळवळली. माहेर तिचं, शपथ याची. नवरे असेच दानशूर असतात.

रेती उपसणारे दोघं, एक रिक्षावाला आणि केबल जोडणारा कुंदन, असा संघ जमला. गोलात, शरीरयष्टीच्या जोरावर, खुद्द जगन. ढीग सपाट करून मैदान केलं. शेठही मोठ्या मनाचा. "खेळा, खेळा," म्हणाला.

पण नवीन पनवेलला इमारती उठत होत्या. रोज सकाळी ट्रक येऊन मैदानाचा एक पट्टा घेऊन जायचा. फाटक जगनच उघडायचा, वर सलामही ठोकायचा. मैदान भिंतीकडे सरकत सरकत एवढंसं उरलं. पाचजण एकमेकांच्या घामात खेळू लागले.

"लहान पास! पराग्वे असाच खेलतो!" जगन ओरडायचा. पराग्वे कसा खेळतो, हे तो केव्हाच विसरला होता.

सामन्याच्या दिवशी पिरवाडीचा किनारा ऐसपैस पसरलेला. शिट्टी वाजली आणि पनवेलचे पाचही वीर सवयीनं आपल्या गोलापाशी गोळा झाले. तिथून कुणी हलेना.

"जगनभाऊ, फुडं जाऊ का?" कुंदननं विचारलं.

"नको! फुडं भिंत हाय!"

पुढं अरबी समुद्र होता.

उरणकरांनी घाई केली नाही. फिरायला निघाल्यासारखे बाजूनं येत, गोल करून परत जात. प्रेक्षकांनी टाळ्या मात्र पनवेललाच दिल्या. इतकी करमणूक गावात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

सामना संपला. पोरं पाय धुवायला गेली. जगन, अंगावर वाळू तशीच ठेवून, बसथांब्याकडे वळला. शोभा किनाऱ्यालगतच्या भावाच्या घराचं दार आणि नवऱ्याची पाठ यांच्या मधोमध उभी राहिली. काळूरामनं विनोदासाठी उघडलेलं तोंड तिच्याकडे पाहून मिटलं.

"भावजी!" त्यानं हाक मारली. "शपथ मोडाची नाय. घरात नका येऊ."

आणि आतून चटई ओढत आणून त्यानं अंगणात अंथरली. मागून कोलंबीच्या कालवणाचं पातेलं आलं. जगन वळला, पण मान ताठ ठेवून, पराभूत राजानं तहाला यावं तसा.

पुरुष मानपान करत उभेच राहिले. शोभानं वाट पाहिली नाही. ती पहिली बसली, स्वतःच्या हातानं वाढून घेतलं आणि जेवायला लागली.