पहिला वन्समोअर

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी बरीच वर्षे बातम्या तपासण्याचे काम केले. गावोगावच्या बातमीदारांकडून नाटकांची वृत्ते येत. त्यांत एक वाक्य हमखास असे: प्रेक्षकांच्या आग्रहामुळे अमुक पद पुन्हा म्हणावे लागले. ते वाक्य मी खोडत असे. एका तरुण बातमीदाराने एकदा कारण विचारले. मी म्हणालो, "प्रेक्षक म्हणजे नेमके कोण? पहिला आवाज कोणाचा होता, ते लिही." त्याला वाटले, मी त्याची चेष्टा करतो आहे.

इंदापूरच्या एका खेळात तो पहिला आवाज माझा होता. त्या खेळाविषयी मी कधी लिहिले नाही.

बोलपट येऊन तेव्हा तीन-चार वर्षे झाली होती. नाटक कंपन्या एकेक करून बंद पडत होत्या. अशाच एका कंपनीतले गायक नट बारामतीला आले आणि गुळाची एक रिकामी वखार घेऊन त्यांनी संगीत नाटकाची शाळा काढली. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. विद्यार्थी बारा-तेरा. सकाळी गाणे, दुपारी संवाद, संध्याकाळी उठण्या-बसण्याचा सराव. वखारीच्या भिंतींना गुळाचा वास होता. पावसाळ्यात फरशी चिकट होई आणि लुगडे नेसून बसण्याचा सराव करताना मुंग्या चावत.

मी अंथुर्ण्याचा. घरी कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि मिरच्या पिकत. शाळेतला माझा मित्र वडगाव निंबाळकरचा, मेंढपाळाच्या घरातला. आम्ही दोघे एकाच वयाचे, सोळाव्यात. मास्तरांनी एक पौराणिक नाटक बसवले होते, त्यात नायिका तो होता. त्याचा आवाज वर जाताना बारीक होत नसे, भरत जाई. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

शाळेत रीत अशी होती की आम्ही सगळे घरून धान्य आणत असू. त्याचे घर आठ महिने मेंढ्यांमागे फिरतीवर असे, त्यामुळे तो काही आणू शकत नव्हता. नायिकेचे काम करणारा मुलगा मास्तरांच्या घरी जेवे, म्हणून त्याचे शाळेत राहणे जमत होते. निदान आम्हा मुलांची समजूत तशी होती. काम गेले की तो परत मेंढरांमागे जाणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

नाटकात माझी दोन कामे होती. पहिल्या अंकात मी द्वारपाल, वाक्ये दोन. ती झाली की तोंड धुऊन, टोपी घालून मी प्रेक्षकांत जाऊन बसे. हे दुसरे काम. त्याला आम्ही 'पहिला' म्हणत असू. पद संपले, ऑर्गनवर शेवटची ओळ वाजू लागली की पुढच्या नटाने तोंड उघडण्याच्या आत 'वन्समोअर' अशी हाक द्यायची. एकाने दिली की मागून दहा येतात. हाक आली की पद पुन्हा म्हणायचेच, नाकारायचे नाही, हा मास्तरांचा नियम होता. यात फसवणूक आहे असे आम्हाला वाटत नसे. मास्तर म्हणत, "गाणं लोकांना आवडलेलं असतं, पण ते ओरडायला लाजतात. आपण त्यांची लाज तेवढी मोडायची." कोणत्या पदांना हाक द्यायची, ते ठरलेले असे. दुसऱ्या अंकातले नायिकेचे विरहाचे पद त्यात पहिले होते.

नायिकेची सगळी पदे मला पाठ होती. मास्तरांनी ती माझ्याकडून म्हणवून घेतली होती. माझा आवाज आदल्या वर्षीच फुटून स्थिर झाला होता, आणि फारसा खाली आला नव्हता. माझा मित्र आजारी पडला तर काम माझ्याकडे येणार होते. वर्षभरात तो एकदाही आजारी पडला नाही. हे माझ्या लक्षात असे.

इंदापूरच्या खेळाआधी आठ-दहा दिवस आम्ही कालव्यावर कपडे धूत होतो. तो म्हणाला, "गड्या, वर जाताना आवाजाचं दोन तुकडं होत्यात."

"कदीपासनं?"

"आठ दिस झालं. खाली लागतोय, मदी लागतोय. वरचा सा आला की फाटतोय. मास्तरांना सांगू का?"

मी सदऱ्याला साबण लावत होतो. म्हणालो, "सांगू नगंस. सांगितलंस की घरी धाडतील."

 मग त्याने स्वतःच हिशेब मांडला. दिवसभर गप्प राहिले, तालमीत हलके म्हटले, तर खेळात एकदा निभत होते. लगेच पुन्हा म्हणणे मात्र होणार नव्हते.

"त्या पदाला हाक देऊ नगंस," तो म्हणाला. "तू न्हाय दिलीस तर कोण देतंय? लोकं टाळ्या वाजवत्यात आन् गप बसत्यात."

"न्हाय देत."

"शपथ घे."

मी गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि गळ्याशपथ म्हणालो. तो हसला. "तुजा गळा जायचा हां, लेका," म्हणाला.

इंदापूरला आम्ही मोटारलॉरीतून गेलो. ऑर्गन मध्ये, पेट्या भोवती, आम्ही पेट्यांवर. अंथुर्ण्याला लॉरी पाण्यासाठी थांबली. माझे वडील वांग्यांची पाटी घेऊन रस्त्यावर उभे होते. मास्तरांना त्यांनी पाटी दिली, रामराम केला आणि माझ्याकडे वळले.

"कसलं सोंग हाय तुजं?"

"द्वारपाल."

"बोलतोस का नुसता हुबा?"

"दोन वाक्यं हायती."

"बरं हाय," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या मित्राकडे पाहिले. "आन् राणी ह्यो व्हय? ह्याच्या गाण्याचं लई नाव ऐकतोय." लॉरीत सगळे हसले. मीही हसलो.

खेळ बाजाराच्या दिवशी दुपारी होता. कापडी मांडव, पुढे सतरंज्या, मागे मोकळी जमीन. बाजार उरकलेले लोक पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. माझी जागा ठरलेली होती: डावीकडे, तिसऱ्या बांबूपाशी. रंगमंचावरून ती जागा स्पष्ट दिसे. मी तिथे असेन आणि गप्प असेन, हे पाहून तो निर्धास्त गाणार होता.

पहिला अंक झाल्यावर मी तोंड धुऊन बाहेर आलो आणि डावीकडे न जाता उजवीकडे जाऊन मागच्या गर्दीत बसलो.

याचे कारण मी पुष्कळदा तपासले आहे. पुढे अनेक वर्षे मी स्वतःला सांगत आलो की ती हाक सवयीने गेली. तालमीत त्या ठिकाणी मी नेहमी ओरडत असे. ऑर्गनची ती ओळ आली की तोंड आपोआप उघडे. हे खरे आहे. पण सवयीने ओरडणारा माणूस आधी जागा बदलत नाही.

माझ्या शेजारी घोंगडे पांघरलेला एक मनुष्य बसला होता. त्याने आपण होऊन सांगितले, "ती राणी हाय न्हवं, त्यो माजा ल्योक." त्याच्या मेंढ्या इंदापूरजवळ एका शेतात खतासाठी बसवल्या होत्या. मेंढ्या भावावर सोपवून तो आला होता. मुलाचे नाटक त्याने पूर्वी पाहिले नव्हते. "वळखूच यीना," तो म्हणाला. "चालणं पार त्याच्या आयसारकं."

मीही त्याच शाळेतला आहे, असे मी सांगितले. त्याने कनवटीची सुपारी काढून मला खांड दिले.

दुसऱ्या अंकात पद सुरू झाले. तो चांगला गायला. वरच्या सुरांवर तो फार थांबला नाही, स्पर्श करून खाली आला. माहीत नसलेल्याला ती नजाकत वाटली असती. शेवटची ओळ घेताना त्याने डावीकडे, तिसऱ्या बांबूकडे पाहिले. मी तिथे नव्हतो. टाळ्या पडल्या. ऑर्गनवर शेवटची ओळ वाजू लागली.

मी ओरडलो, "वन्समोअर!"

शेजारच्याने विचारले, "म्हंजी काय?"

"पुन्यांदा म्हणा, म्हणायचं."

"आसं व्हय!" तो गुडघ्यांवर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "व्हय व्हय, म्हण लेकरा, पुन्यांदा म्हण!" त्याच्यामागून सगळा मांडव ओरडला.

 माझ्या मित्राने ऑर्गनवाल्याकडे मान हलवली आणि पद पुन्हा धरले. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत वरच्या षड्जावर आवाज फाटला आणि खालून एक जाड, घोगरा आवाज बाहेर आला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झाले.

"आगं बाई, थंडी बादली व्हय गं?" पुढून कोणी तरी म्हणाले.

"राणीच्या घशात बोकड बसलंय!"

"आरं बोकड न्हाय, राणीच बोकड हाय!"

मांडव हसला. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडले, पण सूर निघाला नाही. ऑर्गन एकटाच वाजत राहिला. मास्तर राजाच्या वेषात आत उभे होते. त्यांनी तिथूनच ती ओळ उचलली, गात बाहेर आले आणि प्रवेश पुढे नेला. त्या दिवशी नाटक पुरे झाले. उरलेली पदे मास्तरांनी गाळली.

शेजारचा मनुष्य अजून गुडघ्यांवरच होता. त्याने हात खाली घेतले आणि मला विचारले, "का हसत्यात?"

"कळंना," मी म्हणालो.

खेळ संपल्यावर तो मला हाताला धरून पडद्यामागे घेऊन गेला. त्याला तिथली वाट माहीत नव्हती आणि मला नाही म्हणता आले नाही. माझा मित्र पेटीवर बसून बांगड्या उतरवत होता. तोंडावरचा रंग तसाच होता. बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लोकं हसली तर हसूं देत. घसाच हाय, बसतो कदी," तो म्हणाला. मग त्याने मला पुढे ओढले. "ह्यो पोरगा बग. समद्यात आदी ह्यानंच हाक दिली. मी शेजारीच व्हतो न्हवं! मग माज्याबी अंगात आलं. लई जीव हाय ह्याचा तुज्यावर."

माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिले. बांगडी उतरवणे त्याने थांबवले नाही. ती मनगटावर अडकली होती. थुंकी लावून त्याने ती काढली.

"व्हय आबा," तो म्हणाला. "दोस्त हाय माजा."

थोड्या वेळाने मास्तर आले. ते रागावलेले नव्हते, आणि हेच मला जड गेले. "कधीपासून फुटतोय?" त्यांनी विचारले. त्याने सांगितले. मास्तर खाली बसले. "सांगायचं नाही का, बाळ? पट्टी उतरवली असती. चार महिने गप्प बसवला असता. फुटत्या गळ्यावर दोनदा ताण दिलास. आता तो कसा बसेल, कोणी सांगावं?"

"घरी धाडाल वाटलं," तो म्हणाला.

"आवाज फुटणाऱ्या मुलाला कोण घरी धाडतं? हे तुला सांगितलं कोणी?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तो म्हणाला, "कुणी न्हाय. मलाच वाटलं."

त्याच्या खोटे बोलण्याने मी वाचलो. तोंड उघडायला मला तेवढा अवधी होता, त्यानंतरही पुष्कळ होता. परतीच्या प्रवासात तो माझ्या शेजारच्याच पेटीवर बसला होता. अंथुर्णे आले तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

बारामतीत मास्तरांनी कामे बदलली. नायिका माझ्याकडे आली. त्याला गाणे बंद सांगितले. जेवण त्यांच्या घरी पूर्वीसारखेच चालू राहिले. म्हणजे कालव्यावर मी जी भीती घातली होती, तिला काहीच आधार नव्हता. द्वारपालाची दोन वाक्ये त्याला मिळाली, आणि माझी टोपीही. मास्तर म्हणाले, "हाक द्यायला सूर लागत नाही. पहिला तू हो."

त्या महिन्यात तो माझ्याशी बोलत असे. दोरी दे, पाणी आण, एवढे. एकदा तालमीनंतर मी त्याला म्हणालो, "इंदापूरला माजं चुकलं." तो कंदिलाची काच पुसत होता. म्हणाला, "तुजी जागा डावीकडं व्हती." बाकी काही नाही. त्याला सगळे कळले होते, आणि जागा बदलणे हाच त्याने माझा पहिला अपराध धरला होता.

बारामतीचा खेळ आमच्याच वखारीत झाला. माझे वडील अंथुर्ण्याहून आले आणि पुढच्या सतरंजीवर बसले. दुसऱ्या अंकात विरहाचे पद आले. मास्तरांनी माझ्यासाठी पट्टी उतरवली होती. मी ते नीट म्हटले. त्याच्यासारखे नव्हे, पण नीट. गाताना मी डावीकडे पाहिले. तिसऱ्या खांबापाशी तो माझी टोपी घालून बसला होता, मला दिसेल असा.

पद संपले. टाळ्या पडल्या. ऑर्गनवर शेवटची ओळ सुरू झाली. ती संपेपर्यंत त्याने गप्प राहावे, असे मला वाटत होते. तो गप्प राहिला असता तर आमची काही तरी फिटंफाट झाली असती. निदान मला तसे म्हणता आले असते.

त्याने हाक दिली. अगदी वेळेवर, ठरलेल्या जागेवरून, त्या नव्या जाड आवाजात. माझे वडील मान वळवून त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागले. मागून सगळी वखार ओरडली.

नियम होता, म्हणून मी पद पुन्हा धरले. आवाज कुठेही फाटला नाही.